एका पंगतीतल्या दोघी

पंच्याहत्तर दिवे एकदम लावले तर स्मोक अलार्म वाजणार, हे संजीव आठवडाभर सांगत होता आणि शैलजाताई आठवडाभर ऐकत नव्हत्या. शनिवारी पहाटे उठून त्यांनी कणीक भिजवली, दिवे वळले, अठ्ठावन्नाव्या दिव्याशी कणीक संपली म्हणून पुन्हा भिजवली, आणि दोन परातींत सगळे मांडून वर पंचा टाकून ठेवला. शेवटी संजीव खुर्चीवर चढला आणि अलार्मची बॅटरी काढून त्याने खिशात टाकली. अमेरिकेतल्या डब्लिनच्या त्या घरात मायलेकांचे वाद बहुतेक असेच मिटत आले होते. आई म्हणेल ते व्हायचं आणि मुलाने बॅटरी काढायची.

ज्यांची पंच्याहत्तरी, ते डॉ. मनोहर टिपणीस मात्र स्टडीत दार लोटून बसले होते. अंगात नवा रेशमी झब्बा, आणि झब्ब्याच्या खिशात तीन घड्या घातलेला एक कागद. निमंत्रणपत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं त्यांनी ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं. हा कागद गुरुवारी टपालाने आला, आणि तो नाकारायची काही सोय नव्हती.

युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागातून तो आला होता. त्यात तीन प्रश्न होते. शिवांगी मुजुमदार या विद्यार्थिनीला आपण कसे ओळखता? जून २००५च्या टेनिस कॅम्पची तिची फी कोणी भरली? आपण भरली असल्यास ती आपल्याला परत मिळाली का, आणि केव्हा? खाली सही करायची आणि सोमवारी दुपारी बाराच्या आत फॅक्स करायचा.

शिवांगीला त्याच युनिव्हर्सिटीने टेनिसची स्कॉलरशिप देऊ केली होती. दोन आठवड्यांनी, नोव्हेंबरात, सह्या व्हायच्या होत्या. सह्यांच्या आधी तिथल्या एका बाईंनी नियमाप्रमाणे जुन्या कॅम्पचे कागद चाळले. एकाच चेकवर दोन मुलींची फी दिसली, आणि चेकवरचं नाव वाचून बाई थांबल्या. तेच नाव युनिव्हर्सिटीच्या टेनिस कोर्टांवर, दिव्यांच्या खांबाखाली पितळी पाटीवर होतं. डॉक्टरांनी तिथे रेसिडेन्सी केली होती, आणि ते उपकार स्मरून पाच वर्षांपूर्वी कोर्टांवर दिवे बसवून दिले होते.

संजीव आत आला आणि दार लावून घेतलं.

“बाबा, मी त्या बाईंशी अर्धा तास बोललोय. हिमानीचा काही प्रॉब्लेम नाही. नातीची फी आजोबांनी भरली तर चालतं. शिवांगी नात नाही, एवढाच इश्यू आहे.”

“नात नाही म्हणजे? आठ महिने या घरात राहिलीय ती.”

“ते त्यांच्या पुस्तकात बसत नाही.”

“कसलं पुस्तक आहे एवढं?”

“नियमांचं. सोपं आहे हो, बाबा. कॅम्प सगळ्यांना खुला हवा, फी सगळ्यांना सारखी हवी. नववीत गेलेलं मूल म्हणजे उद्या टीममध्ये येऊ शकणारं मूल. त्याला कॉलेजने फुकट घ्यायचं नाही, सूट द्यायची नाही, आणि कॉलेजला देणगी देणाऱ्यानेही त्याचे पैसे भरायचे नाहीत. नाहीतर बड्या देणगीदारांची कॉलेजं चांगली चांगली मुलं आधीच हेरून ठेवतील आणि बाकीचे बसतील बघत.”

“मी हेरलं तिला?”

“मी कुठे म्हणतोय? पण तुमच्याच भाषेत सांगायचं तर...” संजीव जरा अडखळला. “पंक्तिप्रपंच होऊ नये म्हणून केलेला नियम आहे हा.”

या घरात तो शब्द कोणी सहज उच्चारत नसे. मिरजेला वार लावून जेवणारा दहा वर्षांचा मनोहर, वकिलांच्या घरची गुरुवारची पंगत, आणि वकिलांच्या मुलांना वाढून त्याच्या पानावरून तशीच पुढे गेलेली तुपाची पळी, ही गोष्ट टिपणिसांच्या तीन पिढ्यांना पाठ होती. हिमानी ती इंग्रजीतसुद्धा सांगायची. त्या पळीपायी डॉक्टरांनी जन्मभर कोणाला कमी वाढलं नव्हतं. दोन मुलं घरात असली तर दोन सायकली यायच्या, मग दुसरं मूल शेजारचं का असेना. हिमानीला कॅम्पला पाठवायचं ठरलं तेव्हा तिच्याबरोबर डबल्स खेळणारी पोर घरी ठेवायची, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“सुनेत्राताईंनी लेकीचे पैसे आणून दिले होते,” संजीव हळू आवाजात म्हणाला. “मी होतो इथे. पाकीट तुम्ही हातात घेतलंत. तेवढंच लिहा. मिळाले, अमुक तारखेला. खोटं काय त्यात?”

“मिळाले होते. अर्धा तास.”

“बाबा, तो अर्धा तास कोणी विचारलेला नाही.”

“संजीव, भूल देणं हा माझा धंदा होता. थापा देणं नव्हता.”

“मग पोरीचं काय करायचं ते सांगा. एच-फोर व्हिसावर आहे ती. सरकारी लोन नाही, एड नाही. तिचा बाप अनिल कॉन्ट्रॅक्टवर, त्याला फी भरणं शक्य नाही. तिच्याकडे एवढं एकच आहे, यार.”

बापाला ‘यार’ म्हटल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि बापानेही ते मनावर घेतलं नाही. मनोहरपंतांनी कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. “जेवणं होऊ देत,” ते म्हणाले.

खाली स्वयंपाकघरात मंजुषा मसालेभाताला फोडणी देत होती. टिपणिसांच्या घरात सून म्हणून येऊन तिला वीस वर्षं झाली होती, तरी भातात तिखट टाकताना तिचा हात नागपूरकडेच वळायचा. शैलजाताई शेजारी उभ्या राहून काजू सोलल्यासारखे निवडत होत्या. काजू निवडायचे नसतात, त्यामुळे सासूबाईंना काहीतरी बोलायचंय हे मंजुषाला कळलं.

“त्या दिवशी मी सुनेत्राची ओटी भरली,” शैलजाताई म्हणाल्या, “तेव्हा तू कुठे होतीस गं?”

“इथेच होते, आई. कॉफी घेऊन आले ना मी.”

“म्हणजे पाहिलंस.”

“बाबांनी तुमच्याकडे पाकीट दिलं, तुम्ही ते तिच्या पदरात टाकलंत आणि वर नारळ ठेवलात. पाहिलं.”

“आणि तू पाहिलं नाहीस, असं धरून चालायचं म्हटलं तर?”

मंजुषाने गॅस बारीक केला. “मी आपणहून कोणाला सांगायला जाणार नाही. पण मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.”

“खरं बोलायची तुला एवढी घाई का आहे, ते कळतं मला.” शैलजाताईंनी हे रागाने म्हटलं नाही. काजूंची वाटी पुढे सरकवली आणि परातीवरचा पंचा नीट करायला त्या बाहेर निघून गेल्या.

मंजुषाचा चेहरा गरम झाला, आणि तो काही गॅसमुळे नाही. सासूबाई म्हणाल्या ते खरं होतं. पाच वर्षं दोघी मुलींना मागे बसवून ती सिनसिनाटी, इंडियानापोलिस फिरली होती. दोघींचे घामट मोजे एकाच मशिनमध्ये धुतले होते. शिवांगीला ताप आला तेव्हा सुनेत्राच्या आधी ती जागी राहिली होती. आणि मागच्या ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीच्या कोचने दोघींचा खेळ पाहून एकीलाच बोलावलं, तेव्हा गाडी चालवत घरी येताना तिच्या मनात आलं होतं, ही पोर कॅम्पला आलीच नसती तर? त्या विचाराची तिला लाज वाटली होती. पण लाज वाटली म्हणून विचार गेला नव्हता, आणि गुरुवारी तो कागद आल्यापासून तर तो घरात पाहुण्यासारखा मुक्कामाला होता. कोचच्या यादीत दुसरं नाव हिमानीचं होतं.

“मॉम?” हिमानी दारात उभी होती. नेसवलेली साडी तिने दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली होती. “कोच कॉल्ड मी. काल.”

“कशाला?”

“स्पॉट ओपन झालाय म्हणाली. मला हवाय का विचारलं.”

“ओपन कसा होईल? आजोबांनी अजून काही लिहिलंच नाहीये.”

“शिवांगीने लिहिलंय, कोच म्हणाली. तिलापण फॉर्म आला होता. शी फॅक्स्ड इट थर्सडे, स्कूलमधून. सगळं खरं लिहिलं.” हिमानीने साडीच्या निऱ्या आणखी घट्ट धरल्या. “मी तिला फोनच केला नाही, मॉम. काय बोलू मी तिच्याशी?”

“तू कोचला काय सांगितलंस?”

“आजोबांचा बर्थडे झाला की सांगते म्हटलं.”

मंजुषाने लेकीला जवळ घेतलं. जे हवं होतं ते आयतं दारात येऊन उभं होतं, आणि तिला ते आत घ्यावंसं वाटेना. मागे भात खाली लागल्याचा वास आला. कधी नव्हे तो मंजुषाचा भात लागला.

सुनेत्रा मुजुमदार लेकीला घेऊन आली तेव्हा दारात चपलांचा ढीग पडला होता. संजीव तिथेच वाट पाहत होता. “ताई, बाबा लिहितील की तुम्ही पैसे दिलेत,” तो घाईघाईने म्हणाला. “कोणी फोन केला तर तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा. तुम्ही दिलेच होते ना.”

“संजीवदादा, आधी जेवणं होऊ देत,” सुनेत्रा म्हणाली. पर्स तिने छातीशी धरली होती.

आदल्या रात्री शिवांगीने तिला सगळं सांगितलं होतं. सुनेत्रा लेकीवर ओरडली. मग सनीव्हेलला अनिलला फोन लावून त्याच्यावर ओरडली. तो चार जणांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होता, म्हणून बाथरूममध्ये जाऊन त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पोरीने बरोबर केलं, सुनू.” मग तिचा राग गेला आणि त्या जागी जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. सकाळी बँक उघडल्याबरोबर ती बँकेत गेली.

औक्षण झालं. पंच्याहत्तर दिव्यांची ऊब चेहऱ्यावर आली. डॉक्टरांचे डोळे पाणावले ते त्यामुळे की आणखी कशाने, हे कोणी ठरवू शकलं नाही. मग बेसमेंटमध्ये पंगत बसली. चादरींच्या दोन रांगा, गुडघे बदललेल्यांसाठी देवळातून आणलेल्या फोल्डिंग खुर्च्या, आणि इंडियन ग्रोसरीच्या फ्रीझरमधून आणलेली केळीची पानं, जी वितळल्यावर जरा काळवंडली होती. अठ्ठावीस माणसं होती. तूप वाढायला उत्सवमूर्ती स्वतः. हा त्या घराचा शिरस्ता होता आणि त्यात पंच्याहत्तरीनेही फरक पडला नाही.

सुनेत्रा समोरच्या रांगेतून पाहत होती. हिमानी आणि शिवांगी शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमेकींशी बोलत नव्हत्या. मनोहरकाका वाकले. हिमानीच्या भातावर पळी, शिवांगीच्या भातावर पळी. मग क्षणभर थांबून त्यांनी दोन्ही पानांकडे पाहिलं, आणि शिवांगीच्या भातावर आणखी चार थेंब टाकले.

याच बेसमेंटमध्ये ती आणि शिवांगी राहिल्या होत्या. अनिलची इथली नोकरी गेली, दुसरी पार सनीव्हेलला मिळाली, शाळेचं वर्ष मध्येच तोडायला नको म्हणून मायलेकी मागे थांबल्या, तेव्हा काकांनी विचारलंही नव्हतं. संजीवला पाठवून सामान उचलून आणलं होतं. अशा माणसाला सव्वाचारशे डॉलरचं पाकीट द्यायला त्या जूनमध्ये ती आली होती. “काका, एवढं तरी घ्या हो,” असं तिने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी घेतलं, तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं होतं. मग काकूंनी हळदीकुंकू लावलं, तांदूळ घातले, आणि नारळ पदरात पडला. नारळाखाली तिच्या बोटांना कागदाचा कोपरा लागला होता.

ही गोष्ट तिने अनिललाही सांगितली नव्हती. घरी गेल्यावर पाकीट सापडलं, असंच ती सगळ्यांना सांगत आली.

चार वाजेपर्यंत पाहुणे गेले. घरची माणसं आणि मुजुमदार मायलेकी, एवढीच बेसमेंटमध्ये उरली. संजीव खुर्च्या दुमडत होता, मुली चादरींची टोकं धरून घड्या घालत होत्या. मनोहरपंत खुर्चीवर बसले आणि त्यांनी खिशातून कागद काढला.

“सुनेत्रा, इकडे ये,” ते म्हणाले. “मी लिहितोय की तू पैसे दिलेस आणि मी घेतले. तारीख बारा जून. संजीव म्हणतो त्यात खोटं काही नाही. मला ते पटलेलं नाही, पण या वयात मला काय फासावर देणार आहेत? लावू देत माझ्या पाटीला काळं.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“बाबा, नका लिहू,” मंजुषा म्हणाली.

शैलजाताईंनी मान वर केली. “मंजुषा, पुरे.”

“आई, तुम्हाला वाटतंय तसं नाहीये. सकाळी असेल. आत्ता नाही.” मंजुषा सासऱ्यांकडे वळली. “बाबा, तुम्ही असं लिहिलंत तर ती पोर खोटी ठरेल.”

“कोण पोर?”

चादरीचं टोक हातात तसंच धरून शिवांगी म्हणाली, “मी, आजोबा. मी ऑलरेडी लिहून पाठवलं. गुरुवारी.”

“काय लिहिलंस?”

“जे झालं ते. आईने पैसे दिले. तुम्ही परत केले, नारळाखाली ठेवून.”

“नारळ लिहिलास?”

“कोकोनट. त्या बाईंनी फोन करून विचारलं, व्हाय अ कोकोनट. मी वीस मिनिटं ओटी समजावली.”

संजीव हसायच्या बेतात होता, पण बापाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

“अगं, पण का?” मनोहरपंत म्हणाले. “आम्हाला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला वाचवलं असतं.” शिवांगी मराठी शब्द शोधत सावकाश बोलत होती. “आजोबा, त्या पैशांतून आईने माझे शूज घेतले होते. मला माहिती होतं ते पैसे कुठून आले. फॉर्मच्या खाली लिहिलेलं असतं, एव्हरीथिंग अबव्ह इज ट्रू. मी खोटी साईन करून तिथे गेले असते ना, तर रोज प्रॅक्टिसला त्या पाटीखालून गेले असते. तुमच्या नावाखालून.”

“आता काय म्हणतायत ते?” संजीवने विचारलं.

“पैसे आजोबांना परत करायचे, त्यांनी रिसीट द्यायची, मग मला पुन्हा एलिजिबल करायला ते लोक अप्लाय करतील. बाई म्हणाल्या, बहुतेक क्लिअर होईन. पण दोन महिने लागतील, आणि कोचला नोव्हेंबरमध्ये साईन करायचंय. ती थांबणार नाहीये.” तिने चादरीची घडी पुरी केली. “सो, ती जागा गेली. स्प्रिंगमध्ये कुठे मिळाली तर बघू.”

“तिने मला विचारलंय,” हिमानी एकदम म्हणाली. सकाळपासून कोंडलेलं वाक्य होतं ते. “तुझी जागा. मी अजून हो नाही म्हटलं.”

“आय नो.”

“तुला कसं माहिती?”

“तू दोन दिवस फोन नाही केलास. तेव्हाच कळलं.” शिवांगी तिच्याजवळ जाऊन बसली. “घे ती. तू नाही म्हटलंस तर मिशिगनच्या त्या लेफ्टीला देईल.”

“आपण दोघी जाणार होतो.”

“मग एक तरी जाऊ दे.”

हिमानी रडायला लागली. मंजुषा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शिवांगीने हिमानीच्या खांद्यावर डोकं टेकलं, पण ती रडली नाही. कदाचित गुरुवारीच रडून झालं असावं.

मनोहरपंतांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. “माझी चूक आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणाची नाही. ही बाई तीनदा म्हणाली, घ्या. मी घ्यायला हवे होते. तेवढंच करायचं होतं मला, ठेवून घ्यायचं होतं. मला देण्याची हौस फार. घ्यायची लाज वाटते. त्या वकिलाच्या पंगतीत बसून उठलो तेव्हाच ठरवलं होतं, की यापुढे पळी माझ्या हातात राहील. पण समोरच्याच्या हातात कधी तरी ती द्यावी, हे काही मला सुचलं नाही.”

“मीसुद्धा साथ दिली तुम्हाला,” शैलजाताई पुटपुटल्या. “नारळ माझ्या हातचा.”

“काका, तुमची एकट्याची नाही,” सुनेत्रा म्हणाली. ती त्यांच्या खुर्चीपाशी येऊन खाली बसली होती. “मी सगळ्यांना सांगत आले की घरी गेल्यावर पाकीट सापडलं. तसं नव्हतं. नारळ पदरात पडला तेव्हाच कोपरा लागला होता हाताला. मी तिथल्या तिथे काढून तुमच्यापुढे ठेवायला हवं होतं.”

“मग ठेवलं का नाहीस, पोरी?”

“हवे होते हो, काका.” तिने वर पाहिलं नाही. “त्या महिन्यात फार हवे होते.”

शिवांगी आईकडे पाहत राहिली. ही गोष्ट तिलाही आत्ताच कळत होती.

सुनेत्राने पर्स उघडली आणि पाकीट काढलं. बँकेचं नवं कोरं पाकीट, त्यात बँकेतल्या मुलीने दोनदा तपासून दिलेल्या नोटा. तिने ते दोन्ही हातांनी पुढे धरलं.

मनोहरपंतांचा हात सवयीने वर आला. नको म्हणायचा तो हात. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत किती पाकिटं, किती मिठाईचे डबे, किती जणांचे उपकार त्या हाताने परत लोटले होते. तो हवेत क्षणभर राहिला. मग त्यांनी तळवा उताणा केला आणि पाकीट घेतलं. ‘आहेर आणू नये’ असं छापून घेतलेल्या दिवशी त्यांनी घेतलेलं ते एकच पाकीट.

“संजीव, एक कागद आण,” ते म्हणाले. “आणि खाली टेकायला काहीतरी.”

संजीवने पॅड आणून दिलं. डॉक्टरी अक्षर कोणाला लागत नाही म्हणून मनोहरपंतांनी एकेक अक्षर सुटं सुटं काढलं. सुनेत्रा मुजुमदार यांच्याकडून, जून २००५च्या कॅम्पच्या फीपोटी, पूर्ण रक्कम मिळाली. तारीख त्या दिवशीची घातली, अठ्ठावीस ऑक्टोबर २००६. जुनी तारीख घालायचा मोह एकदा झाला असावा, कारण पेन तिथे जरा थांबलं. मग पहिल्या कागदावर, तिसऱ्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, की पैसे तेव्हाच देऊ केले होते, मी घेतले नाहीत, आज घेतले. सही केली.

निघताना शैलजाताई देवघरातून तबक घेऊन आल्या. सवाष्ण घरातून रिकामी जाऊ नये, हा त्यांचा नेम मोडायचं त्यांना धाडस होत नव्हतं, आणि तबक पुढे करायचंही होत नव्हतं. दोन्ही हातांत ते धरून त्या दारात तशाच उभ्या राहिल्या.

“भरा ना, काकू,” सुनेत्राच म्हणाली, आणि तिने पदर पसरला.

शैलजाताईंनी कुंकू लावलं, ओंजळभर तांदूळ घातले, नारळ ठेवला. सुनेत्राने पदर आवळून धरला. न राहवून तिची बोटं नारळाखाली गेली, तशीच, मागच्या वेळेसारखी. जिन्याच्या तोंडाशी पाकीट हातात धरून मनोहरपंत उभे होते आणि तिच्या बोटांकडे पाहत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

नारळाखाली नुसते तांदूळ होते.